‘दिपक’चा ‘दीपक’ करू नका

एका तरुण लिपिकाचा प्रश्न आहे. माध्यमिक शाळेच्या कार्यालयात नुकताच रुजू झालाय. दहावीचे फॉर्म भरताना एका मुलाने स्वतःचं नाव ‘दिपक’ असं लिहून दिलं होतं. याने शुद्धलेखनाप्रमाणे ते ‘दीपक’ केलं आणि मुख्याध्यापकबाईंची बोलणी खाल्ली. तो विचारतो: “एका वेलांटीने एवढं काय बिघडतं? आणि चुकीचं नाव मी बरोबर केलं, तर चूक माझी कशी?”

चूक तुमचीच आहे. व्याकरण तुमच्या बाजूने आहे, हे आधी मान्य करून टाकतो. दीप दीर्घ, म्हणून दीपक दीर्घ. नील अधिक ईश म्हणून नीलेश. सुनीताही दीर्घच. मराठीच्या परीक्षेत तुम्हाला पैकीच्या पैकी मार्क मिळतील. पण तुमच्यासमोर निबंधाची वही नव्हती, फॉर्म होता. फॉर्मवरचं नाव हा भाषेतला शब्द नसतो, ती त्या मुलाची वस्तू असते. त्याच्या दप्तराचा बंद तुटका आहे म्हणून तुम्ही न विचारता दप्तर बदलून देत नाही ना?

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत ३१ वर्षं ‘भाऊसाहेब’ होतो. आमच्याकडे शाळेच्या क्लार्कला शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळे भाऊसाहेबच म्हणतात, खरं नाव फक्त पगारपत्रकावर. पूर्व भाग म्हणजे साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक ही बाजू. यंत्रमाग आणि विड्या. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात मराठी-कानडी-उर्दूची मिसळ. जून महिन्यात प्रवेशाच्या रांगेत उभा राहिलेला बाप नाव सांगायचा तेलुगू कानाने, मी ते ऐकायचो मराठी कानाने आणि जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदवहीत, उतरायचं तिसरंच काहीतरी.

माझा स्वतःचा गुन्हा आधी सांगतो. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका मुलाचं आडनाव होतं म्याकल. मला वाटलं, हे अडाणीपणाने लिहिलेलं दिसतंय. ‘म्या’ हे काय आहे? ‘बॅट’, ‘कॅप’सारखा उच्चार असणार, म्हणून मी रुबाबात ‘मॅकल’ लिहिलं. आता गंमत बघा. म्याकल रोमन लिपीत लिहिलं की एम-वाय-ए-के-ए-एल होतं. मॅकलमधला वाय गायब होतो. दहावीचं प्रमाणपत्र त्याच वायशिवाय छापून आलं. वडिलांच्या कागदावर वाय, थोरल्या भावाच्या कागदावर वाय, याच्या एकट्याच्या कागदावर नाही. हा पोरगा बारा-तेरा वर्षांनी पासपोर्टच्या कामासाठी शाळेत आला. आखाती देशात नोकरी ठरली होती. प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, पुन्हा सगळे फॉर्म, यात त्याचे कित्येक आठवडे गेले. मी सगळं कबूल केलं. तो भांडला असता तर बरं वाटलं असतं. “राहू द्या मालक, होतं असं,” म्हणाला आणि चहा पाजून गेला.

म्हणून वेलांटीने काय बिघडतं, या प्रश्नाचं उत्तर वेलांटीत शोधू नका, पुढच्या टेबलावर शोधा. तुम्ही देवनागरीत ‘दीपक’ केलंत. संगणकावर बसलेला दुसरा माणूस त्यावरून इंग्रजी स्पेलिंग करणार, आणि दीर्घ वेलांटी बघून तो डबल ई घालणार. आधारवर मात्र डी-आय-पी-ए-के आहे. झालं, दोन माणसं तयार झाली. आजकाल जुळवणी माणूस करत नाही, यंत्र करतं, आणि यंत्राला ‘अहो, तोच आहे की हा’ हे कळत नाही. आपल्या राज्यात संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं द्यायची ते ठरवण्यासाठी, आधार-वैध विद्यार्थी मोजायला लागल्यापासून तर एकेका अक्षराची किंमत शिक्षकांच्या पदांपर्यंत जाऊन पोचली. रजिस्टरातलं नाव आणि आधारचं नाव जुळलं नाही की पोरगं वर्गात बसलेलं असूनही मोजणीत धरत नाहीत. ‘अपार’ आयडीचंही, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या शैक्षणिक ओळखक्रमांकाचंही, तेच रडगाणं. तुमच्या बाई एका वेलांटीवरून का ओरडल्या, ते आता लक्षात आलं असेल.

उलटा प्रवास तर आणखी वाईट. देवनागरीतून रोमनमध्ये जाताना अक्षरं गळतात, आणि रोमनमधून परत येताना यंत्र आपल्या मनाची भर घालतं. के-ए-एल-ई हे काळे, काले की कळे? एम-ए-एन-ई माने की मने? ‘ळ’ तर रोमनच्या चाळणीतून हमखास पडतो. आधारच्या नोंदणीत नाव इंग्रजीत टाइप केलं की मराठी रूप यंत्र आपोआप दाखवतं. समोरच्याने पडदा नीट बघितला नाही तर तेच छापलं जातं. आमचे माजी आमदार नरसय्या आडम यांचं नाव सोलापुरात शेंबडं पोर सांगेल. पण आडम रोमनमध्ये ए-डी-ए-एम होतं, आणि परक्या गावच्या माणसाला किंवा यंत्राला ते देवनागरीत आणायला सांगितलं की ‘आदम’ किंवा ‘ॲडम’ होऊन बसायचं भय असतं. पूर्व भागातला विडी कामगारांचा पुढारी एकदम बायबलात! म्हणून कायमची सवय लावून घ्या: मराठी नाव इंग्रजीवरून लिहायचं नाही आणि इंग्रजी नाव मराठीवरून बनवायचं नाही. दोन्ही कागदावरून बघून स्वतंत्र लिहायची.

कानावर विश्वास ठेवू नका, हे सोलापुरात तर पदोपदी पटतं. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. त्यांच्या नावावरून ठेवलेली नावं किती, तर सिद्धेश्वर, सिद्धाराम, सिद्राम, शिद्राम, सिद्रामप्पा, सिद्धाप्पा. एकाच वर्गात यातले चार असायचे. त्यांना ‘शुद्ध’ करून एका छापाचं करायला गेलात तर चार घरांच्या चार पिढ्यांचे कागद बिघडतील. तेलुगू घरातला नरसय्या म्हणजे ‘नरसिंह’ नव्हे, मल्लय्याचा ‘मल्हारी’ करायचा नाही, आणि कानडी घरातली गंगव्वा ‘गंगूबाई’ नव्हे. बोल्ली, चिप्पा, गड्डम, दुस्सा यांतलं जोडाक्षर हा त्या नावाचा कणा आहे. मराठी तोंडाला एक अक्षर गिळायची सवय असते, हाताला ती लागू देऊ नका. उर्दू नावांत वेगळा खड्डा आहे. ‘अब्दुल’ हे एकटं नाव नव्हे, त्याचा अर्थच मुळी ‘...चा सेवक’ असा आहे, पुढच्या शब्दाशिवाय तो लटकतो. अब्दुल रहीमचं पहिलं नाव ‘अब्दुल’ आणि वडिलांचं नाव ‘रहीम’ असं रकान्यांत तोडून टाकलेले फॉर्म मी ढीगभर पाहिलेत. एकदा नाव रकान्यात बसवलं की बाप बदलतो! हुसेन की हुसैन, महंमद की मोहम्मद, हे तुम्ही ठरवायचं नाही, त्यांच्या घरच्या कागदाने ठरवायचं.

या बाबतीत आमच्या गावाला तर रोज समोर धडा आहे. चार हुतात्म्यांचे पुतळे. १९३० च्या मार्शल लॉनंतर खटला भरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. ही चार नावं एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून बघा, अख्खं सोलापूर ऐकू येतं. दरवर्षी १२ जानेवारीला शाळेच्या फळ्यावर ती लिहिली जातात. एका वर्षी आमच्या एका मराठीच्या सरांनी सुंदर वळणदार अक्षरात ‘श्रीकृष्ण सारडा’ लिहिलं. मी हळूच सांगितलं तर म्हणाले, “किसन हे कृष्णाचंच बोलीरूप आहे हो, भाऊसाहेब.” असेल. पण फासावर गेले ते श्रीकिसन. सरांनी फळा पुसला. पुसताना तोंड वाकडं केलं, ते सोडा.

तुमचा-माझा घोटाळा हा त्या सरांसारखाच आहे. आपल्याला नियम येतो, म्हणून हात शिवशिवतो. १९६२ साली शासनाने लेखनाचे नियम मान्य केले, त्यांत सुट्या व्यक्तिनामाचा शेवट दीर्घ लिहायला सांगितलाय: हरी, रवी, शशी. आणि समासात मूळचा ऱ्हस्व परत येतो, म्हणून हरिभाऊ, रविकिरण, शशिकांत. नियम चांगला आहे, मला आवडतो. तुम्ही कार्यक्रमाची बातमी लिहिताय, जुन्या संतांविषयी लेख लिहिताय, तर जरूर पाळा. पण जिवंत माणसाने सही ‘शशीकांत’ केली असेल तर तो शशीकांतच. माझा एक मित्र प्रूफं तपासायचा, त्याच्याशी या मुद्द्यावर माझं आयुष्यभर पटलं नाही. त्याचं म्हणणं, असंच करत गेलो तर पोरं अशुद्धच शिकणार. मी म्हणायचो, पोरांना वर्गात शिकव, रजिस्टरात नको.

एक अपवाद मात्र करतो. नाव अजून कुठल्याच कागदावर चढलेलं नाही, बाप बाळाचं नाव सांगायला आलाय आणि तुमच्या डोळ्यांदेखत पहिल्यांदाच लिहिलं जातंय, तेव्हा बोला. “अण्णा, दीपक असं लिहितात, पहिली वेलांटी नको, दुसरी हवी. चालेल?” ‘चालेल’ म्हणाला तर लिहा. ‘नको, आमच्या आजोबांचं असंच होतं’ म्हणाला तर तोंड मिटा. सल्ला द्यायची वेळ एवढीच. तीही आता शाळेच्या हातातून चाललीये. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा जन्मदाखलाच, तेव्हा नाव महापालिकेच्या नोंदीतूनच लिहून येणार. आईबापांना माझं सांगणं असतं, दवाखान्यातून निघताना घाईत नाव देऊ नका. जन्माची नोंद नावाशिवाय होते. वर्षाच्या आत नाव फुकट घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत थोडं शुल्क भरून. बारशाला आत्या जे कानात सांगेल ते आधी कागदावर लिहून, आजोबांना, मामाला, कुणाला दाखवायचं ते दाखवून, मग नोंद करा. त्यातच १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नावही येतं: मुलाचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव. ही पोरं २०३० च्या आसपास पहिलीत येतील आणि पुढे तुमच्या टेबलासमोर उभी राहतील. म्हणजे स्पेलिंग तपासायला आणखी एक नाव, आणि तेही बाईचं.

बाईच्या नावाचा मुद्दा असा सहज टाकून पुढे जाण्यासारखा नाही. आमच्याकडे लग्नात परातीतल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची रीत होती, काही घरांत अजून आहे. तांदूळ पुन्हा पोत्यात गेले, नाव मात्र राहिलं, निम्म्या कागदांवर. आमच्या शाळेतल्या एका मुलाची आई विड्या वळायची. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे अडकले म्हणून माझ्याकडे आली. कारखान्याच्या रजिस्टरात ‘पदमा’, जोडाक्षर सोडवून लिहिलेलं. आधारला ‘पद्मावती’. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं ‘नागमणी’. तिन्ही ती एकटीच. मला म्हणाली, “भाऊसाहेब, हात एकच आहे की ओ, विड्या तर ह्याच हातानं वळल्या.” कारखान्याचा आणि तिचा मिळून संयुक्त घोषणापत्र, विवाहाचा दाखला, माहेरच्या शाळेचा दाखला, असे कागद जमवत जमवत आम्ही ते जुळवलं. तेवढ्यात दोन महिने गेले आणि तिची बरीचशी मजुरी बुडाली. म्हणून मुलाच्या फॉर्मवर आईचं नाव ‘साधारण असंच असेल’ म्हणून कधी भरू नका. आईला विचारा. बापालाही विचारू नका, बाप हमखास घरातलं हाक मारायचं नाव सांगतो.

आडनाव आधी की नंतर, याचाही गोंधळ इथे फार. तेलुगू रीतीने इंटिपेरु, म्हणजे घराण्याचं नाव, आधी येतं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवरही आडनाव आधीच छापतात. पण पासपोर्टला, पॅनला ते वेगळ्या रकान्यात मागतात. पॅनचं पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर असतं. रकाने उलटसुलट भरले की तिथे स्वतःच्या नावाचं अक्षर येऊन बसतं, आणि नंतर नाव दुरुस्त करून घेतलं तरी पॅन क्रमांक तोच राहतो. माझ्या ओळखीचे एक यंत्रमागवाले अशा अक्षरासकट आयुष्य काढताहेत. नुकसान काही नाही म्हणा, पण प्रत्येक नवा अकाउंटंट विचारतो.

संगणकाबद्दल थोडं. जुन्या श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमधल्या याद्या युनिकोडमध्ये आणताना सगळ्यात आधी मरतं ते बऱ्हाणपुरे, कुऱ्हाडे यांतलं अर्धं ऱ. त्याचं ‘कुर्हाडे’ होतं, आणि डोक्यावरचा रफार पाहून आपणही ‘ठीक आहे’ म्हणतो. ठीक नाही. आणि हे अर्धं ऱ दोन तऱ्हेने टाइप होतं, दिसायला एकसारखं, पण आतून वेगळं. ‘ॲ’चंही तसंच. एकाने एका तऱ्हेने भरलेलं नाव दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधलं की सापडतच नाही, आणि आपण मुलाला सांगतो, “तुझी नोंद नाही.” नाव सापडलं नाही तर आधी जन्मतारखेने शोधा. सिद्धेश्वरमधलं ‘द्ध’ लोक ‘ध्द’ करतात, ते मात्र मी बिनदिक्कत सुधारायचो. ते माणसाचं नाव नव्हे, टाइप करणाऱ्याचं बोट. तरी विचारून.

कुणी म्हणेल, नाव बदलून माणूस बदलतो का? नाही. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले तेव्हा त्यांचं चिनी नाव ‘के दिहुआ’ झालं. ‘हुआ’ म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी तो शब्द आपल्या नावाला जोडून घेतला. पुढे मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत. ज्याचं नाव त्याने ते आपण होऊन घेतलं तर त्याच्यासारखी शोभा नाही. पण कुणा टेबलावरच्या माणसाने परस्पर, स्वतःच्या सोयीने बदललं असतं, तर तीच गोष्ट वेगळी झाली असती.

आता तुमच्या दिपककडे येऊ. अजून फारसं काही बिघडलेलं नाही. जोवर मुलगा शाळेत आहे तोवर रजिस्टरातली दुरुस्ती मुख्याध्यापकांच्या प्रस्तावाने आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होते. शाळा सोडून गेला की तीच गोष्ट डोंगराएवढी होते. तुम्ही फक्त फॉर्मवर बदललंय, रजिस्टरात नाही, तेव्हा सोपं आहे. जनरल रजिस्टर काढा, त्याच्या प्रवेशाची नोंद बघा. आधार आणि जन्मदाखला मागवा. तिन्हीकडे ‘दिपक’ असेल तर फॉर्म पूर्ववत करा. कुठे फरक निघाला तर वडिलांना बोलवा आणि कुठला कागद कुठे दुरुस्त करायचा ते एका चिठ्ठीवर लिहून द्या. आधारमध्ये नाव फक्त दोनदा बदलता येतं, हेही सांगा, नाहीतर घाईत एक संधी वाया घालवतात.

मग बोर्डाची प्री-लिस्ट, म्हणजे तपासायला पाठवलेली नावांची कच्ची यादी, येईल. ती एकट्याने तपासू नका. मी पट्टी घेऊन बसायचो, एकेका ओळीखाली पट्टी धरून. पण मुलाला रांगेत बोलवायचो आणि यादी त्याच्या हातात द्यायचो. वाचून नाही दाखवायचो, कारण आपण वाचताना बरोबरच वाचतो, लिहिलेलं चुकीचं असलं तरी. त्याला म्हणायचो, एकेक अक्षर बोटाने दाखव: आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मग त्याच ओळीसमोर त्याची सही घ्यायची. आठ-दहा मुलं तरी दरवर्षी तिथे थांबायची आणि भीत भीत म्हणायची, “सर, हे माझं नाही.” हे वाक्य मुलं मोठ्याने बोलत नाहीत, तेव्हा पंखा बंद ठेवा.